डरमवरच्या तीन रंगांच्या खुणा

आबा कुठल्या कामावरून आले आहेत, हे आईला कधी विचारावं लागलं नाही. ते मागच्या दारानं यायचे, गोठ्याच्या कट्ट्यावर डरम उतरवायचे आणि खिशातली चावी काढून बोल्ट फिरवायला लागायचे. एक बोल्ट फिरवायचा, काठीचं टोक कडेजवळ हलकेच टेकवायचं, ऐकायचं, मग समोरचा बोल्ट फिरवायचा. पहिल्या दोन-चार ठोक्यांतच आई चुलीपुढून मला सांगायची, "लगीन हुतं. जेवून आल्यात, एक भाकरी कमी थाप." नाहीतर नुसतं, "मयत हाय," म्हणायची आणि बंबात लाकूड सारायची. मयतावरून आलेला डरम तसाच घरात न्यायचा नाही, हा आबांच्या गुरूंनी घालून दिलेला नियम होता. त्या कामासाठी खाली उतरवलेला आवाज उंबऱ्याबाहेरच चढवायचा, लग्नाच्या सुरावर आणायचा, आंघोळ करायची आणि मगच डरम घेऊन आत यायचं. विहिरीतून भरलेली घागर हळूहळू वर यावी तसा तो आवाज वर यायचा. मी आत पाटीवर, पुढे वहीवर गणितं सोडवत असायचे, आणि आवाज पुरता वर येईपर्यंत माझं उत्तर काही जुळायचं नाही.

आबा लग्नाच्या बँडात साईड डरम वाजवायचे. बँडातला मोठा डरम छातीवर बांधून चालतात तो वेगळा. आमचा लहान, पट्ट्यानं गळ्यात अडकवून मांडीपुढे तिरका धरायचा. लाकडाचे डरम पुष्कळांकडे होते. आमचा पितळेचा होता. संस्थानं गेली तेव्हा कुठल्याशा जुन्या बँडातून तो बाहेर पडला, आबांच्या गुरूंकडे आला आणि त्यांच्यामागे आबांकडे. अंगावर एक पोचा होता, बाजूला एक खटका होता, वर आठ आणि खाली आठ बोल्ट होते. दोन्ही तोंडांना बकऱ्याचं कातडं. खालच्या कातड्याला लागून बारीक तारांची एक पट्टी होती, आणि डरमचा सगळा जीव त्या पट्टीत होता. वर काठी पडली की खाली तारा थरथरायच्या आणि आवाजाला चुरचुरीत धार यायची, तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखी. खटका ओढला की तारा कातड्यापासून सुटायच्या आणि तोच डरम एकदम दुसऱ्याच घरातला वाटायचा. आबा म्हणायचे, "लाकडाच्या डरमला एकच बोली येती. पितळंला इचारशील ती बोली येती, फक्त इचारता आलं पायजे." जोतिबाला डोंगरावर वारा असतो, माणूस माणसाला ऐकू येत नाही, तिथल्या मिरवणुकीला ते दोन्ही कातडी ताणून असा कडक आवाज काढायचे की वाळक्या शेंगा फुटाव्यात. लग्नाला त्याहून थोडं सैल, तारा बोलत्या. आणि एखाद्या पिकल्या माणसाच्या मयताला बोलावणं आलं, की वरचं कातडं उतरवून, खटका ओढून, तोच डरम घुमायला लागायचा. मोठे मोठे डरम आणि नवे नवे आवाज मी नंतर ऐकले. पण एका भांड्यातून इतके स्वभाव निघताना ऐकले नाहीत.

घरात दोन म्हशी होत्या. पहाटे आबा धार काढून दूध घालून यायचे, मग लाल कोटाची बटणं चिंचेनं घासायचे. आई त्याच चिंचेनं डरमही घासून द्यायची, पण खालच्या तोंडाला हात लावायची तिला बंदी होती. "माझ्या सवतीला आंघुळ घातली बघा," असं म्हणून ती डरम कट्ट्यावर ठेवायची. आबा हसायचे नाहीत. डरम उलटा करून तारांवरून नख फिरवायचे आणि कान लावून ऐकायचे. हे सगळं मी इतक्या वेळा पाहिलं होतं, की आबांना ऐकू कमी येतं हे सगळ्यात आधी मला कळायला हवं होतं. पण आमच्याकडे माणसं मुळातच मोठ्यानं बोलतात. दोन हातांवरच्या माणसाला कोल्हापुरात पलीकडच्या गल्लीतल्या माणसासारखी हाक मारतात. अशा गावात माणूस बहिरा होतो आहे हे कुणाला कळणार?

मला कळलं ते तारांमुळे. मी तेव्हा कॉलेजात सायन्सला होते, शेवटच्या वर्षाला. आमच्या घरात तोवर दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. आबांनी एकाच वर्षात तारांची पट्टी दोनदा बदलली. "गंज धरतोय गं, बोलतच न्हाईत तारा," म्हणायचे. नवी पट्टी बसवली, काठी टेकवली; तारा अशा चुरचुरल्या की गोठ्यातली म्हैस कान हलवायला लागली. आबा माझ्याकडे बघत होते. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "सुमे, तार वाजती का गं?"

मी म्हटलं, "वाजती की, आबा."

"झ्याक वाजती?"

"झ्याक वाजती."

त्यांनी मान हलवली आणि चावी खिशात टाकली. पुढे कितीतरी दिवस त्यांनी डरम लावला की मला हाक यायची, आणि मी वही ठेवून कट्ट्यावर जाऊन बसायचे. आईला सांगू नकोस, असं ते कधी म्हणाले नाहीत, मीही सांगितलं नाही. बारीक, उंच आवाज आधी जातात आणि घुमणारे शेवटी, हे मला डॉक्टरांकडून समजलं ते फार नंतर, माझ्या स्वतःच्या कानांच्या वेळी. तेव्हा मला इतकंच दिसत होतं की मी कॉलेजला गेले की त्यांना विचारायला कुणी उरणार नाही.

मग मी माझी विद्या काढली. ताण आणि सूर यांचा संबंध आम्हाला वर्गात शिकवला होता. ताण ठरला की सूर ठरला. बोल्ट किती फिरवला यावर ताण ठरतो. मग कान हवेत कशाला? दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून उरलेला ऑइल पेंट गोठ्यात होता. चैत्रातल्या एका कडक दुपारी मी आबांना डरम तीनदा लावायला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी बोल्ट जिथे थांबला तिथे काडीनं एक ठिपका बोल्टावर, एक समोर कड्यावर काढला. लाल म्हणजे लग्न, हिरवा म्हणजे मिरवणूक, पांढरा म्हणजे मयत. ठिपक्यासमोर ठिपका आणला की झालं. "आता कुणाला इचारायला नगो. डोळे झाकून लावा," मी म्हटलं, आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण डोळे उघडे ठेवूनच लावायचा होता. आबांनी त्या खुणांवरून अंगठा फिरवला. "कालिजात ह्ये शिकिवत्यात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता, तो पुढे माझ्या पदवीच्या दिवशीही मला तितका दिसला नाही.

ज्येष्ठात आजऱ्याकडच्या एका लग्नाची सुपारी आली. माझी मावशी आजऱ्यात असायची, म्हणून मीही बँडाच्या टेम्पोत बसून गेले. आदल्या संध्याकाळी वळीव पडून गेला होता आणि सकाळी त्या भागात असं धुकं उतरलं होतं की मावशीच्या अंगणातली काजूची झाडं दिसत नव्हती. तिनं ओल्या काजूगरांची उसळ केली होती. आबा दोन घास खाऊन उठले, डरम मांडीवर घेतला, चावी काढली. वरचे-खालचे सगळे लाल ठिपके समोरासमोर आणले. मग बोटांची टोकं कातड्यावर ठेवून बराच वेळ तसेच बसून राहिले. मी ताटावरून विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काय न्हाय." चावी खिशात गेली.

वरात निघाली. बँडाचे शिवाप्पा मास्तर क्लॅरोनेट वाजवायचे. सीमेकडचे, आवाज खणखणीत, मिशा त्याहून खणखणीत. त्यांनी गाणं उचललं आणि आबांची काठी पडली. मी बायकांत चालत होते. तो आवाज ऐकून माझे पाय जागेवर थांबले. धब्. धब्. तारा नाहीत, धार नाही. धुक्यातून मयताचा डरम चालला होता, नवऱ्या मुलापुढे. घोड्याच्या शेजारून चालणारी नवरदेवाची आत्या तटकन पुढे आली. "अवो बँडवालं! लगीन हाय ह्ये! कुणाला पोचवायला निघालासा?" लोक हसले, मग हसायचे थांबले, म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मास्तरांनी बोटं वाद्यावरून न काढता भुवया उडवल्या. आबांना खूण कळली, आवाज कळला नाही. त्यांनी अजून जोरानं वाजवलं. शेवटी मास्तरांनी गाणं तोडलं, जवळ येऊन त्यांच्या कानाशी काही सांगितलं आणि पुन्हा गाणं सुरू केलं. त्यानंतर सबंध वरातभर आबांच्या काठ्या हलत होत्या, पण कातड्याला टेकत नव्हत्या. चार बोटं वर हवेत त्या पडत होत्या आणि उठत होत्या, अगदी तालात. गावातल्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. मी मात्र मांडवापर्यंत त्या काठ्यांखेरीज काही बघितलं नाही.

टेम्पोनं परत आलो. कोल्हापुरात उतरताना मास्तर म्हणाले, "दत्तू, फुडच्या सुपारीला तू येऊ नगंस. बगू मग." घरी आबांनी डरम कट्ट्यावर ठेवला. चावी काढली नाही. आई बाहेर आली, डरमवर टिचकी मारून बघितली आणि तिचा चेहरा उतरला. "लग्नाला गेलतासा न्हवं? मग ह्यो आवाज घिऊन का आलासा?" आबा म्हशीला वैरण टाकायला उठले. डरम त्या दिवशी घरात आला नाही. पुढचे तीन दिवसही आला नाही. कट्ट्यावर पोतं पांघरून बसला होता.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. खुणा माझ्या होत्या. कातडं दमट हवेत सैलावतं, कोरड्या हवेत ताणतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती; पावसाळी हवेत आईचे पापड मऊ पडतात हे मी दरवर्षी बघत होते. चैत्रातल्या उन्हातली खूण ज्येष्ठातल्या धुक्यात खोटी होणारच. हे मास्तरांना जाऊन सांगितलं तर आबांच्या हातावरचा डाग पुसला जाईल, हे उघड होतं. पण मास्तर लगेच विचारणार, तीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला खुणा कशाला लागल्या? म्हणजे कसब वाचवायला जावं तर कान उघडे पडतात, आणि बहिऱ्या माणसाला कुठला बँड ठेवणार? न सांगावं तर आबा निष्काळजी ठरून घरी बसतात. आणि आबा घरी बसले म्हणजे म्हशीचं दूध घालत बसतील, एवढंच नव्हतं. आमच्या घरी डरमशिवाय त्या माणसाचं दुसरं काही बोलणंच नव्हतं.

चौथ्या दिवशी मी बँडाच्या तालमीच्या खोलीवर गेले. मास्तर एकटेच क्लॅरोनेटची पाती चाकूनं तासत बसले होते. माझ्या तोंडून एका दमात सगळं बाहेर पडलं. "मास्तर, खुणा मी घातलो हुतो. आबांची चूक न्हाय." आमच्याकडे बायकाही 'मी घातलो', 'मी जातो' असंच म्हणतात, कॉलेजात ते जिभेवरून पुसायला मी तीन वर्षं धडपडले होते, आणि त्या वेळी सगळं शिकलेलं गळून पडलं.

मास्तरांनी पात उजेडात धरून बघितली. "आणि खुणा का घातलीस?"

मी खुंटीवरच्या लाल कोटांकडे बघायला लागले.

"सांग की. का जीब कालिजात ठिवून आलीस?"

"आबांना... तारा ऐकू येत न्हाईत."

मला वाटलं ते उठतील, ओरडतील. ते म्हणाले, "दोन वरसं झाली की. तुला आत्ता कळलं?" त्यांनी पात पुन्हा तासायला घेतली. "गाणं बदलताना मी त्येच्या खांद्याला कोपर लावतो. मोठा डरमवाला त्येच्या फुडं चालतो, मागं न्हाय, म्हंजी ठोका दिसावा. समद्या बँडाला ठावं हाय. कान गेल्यात, ताल कुठं गेलाय? आणि डरम लावणं तर त्येच्या कानाचं काम हायच न्हाय. बोटानं लावत हुता की त्यो, माझ्या क्लॅरोनेटला मिळवून. दोन वरसं एक बोल्ट चुकला न्हाय. म्हणून तर मला राग आला, अक्का. त्या दिवशी वरातीआधी मी सूर धरला, तवा हात लावून बी तसाच ठिवला त्येनं. का ठिवला, ते मला कळंना."

ते माझ्याबरोबर घरी आले. आबा धार काढत होते. मास्तर कट्ट्यावर बसले, डरमवरचं पोतं ओढून काढलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दत्तू! आजऱ्यात हात लावलास तवा कळलं न्हवतं व्हय तुला?"

आबांनी बादली बाजूला ठेवली. एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघितलं. त्यांना समजलं की आता झाकायचं काही उरलं नाही.

"कळलं हुतं की," ते म्हणाले. "सैल लागत हुतं."

"मग?"

आबा हात पुसत राहिले. "पोरगी शिकल्याली हाय. तिच्या खुणा बरुबर बसल्या हुत्या. मला वाटलं माझीच बोटं म्हातारी झाली."

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हशीच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. शिकणं म्हणजे काय, हे मला पुढे शाळेत तीस वर्षं मुलांना शिकवताना कुणी कुणी विचारलं, आणि दरवेळी मला तो गोठा आठवला. वडिलांनी आपल्या बोटांपेक्षा माझ्या काडीच्या ठिपक्यांवर विश्वास ठेवला होता, आणि एका लग्नाच्या वरातीत चार बोटं वर हवेत वाजवत चालले होते.

"लाव," मास्तर म्हणाले. त्यांनी क्लॅरोनेट जोडलं आणि एकच सूर धरला. आबांनी डावा तळवा पितळेवर ठेवला, उजव्या हाताची दोन बोटं कातड्यावर, कडेपासून दोन बोटं आत, आणि डोळे मिटले. चावी फिरायला लागली. एक बोल्ट, मग समोरचा. प्रत्येक वेळी टिचकी आणि तळव्याखालचं पितळ. म्हशीच्या सडाला हात लावून ते आज दूध किती देणार ते सांगायचे, तशी ती बोटं होती. खटका ओढून पुन्हा बसवला, पट्टीच्या दोन्ही टोकांना नख लावलं, अगदी थोडं. मग काठी टेकवली आणि गोठाभर तारा उडाल्या. मास्तरांनी सूर बदलला: मिरवणूक. पुन्हा बदलला: मयत. पुन्हा लग्न. आबांनी एकदाही माझ्याकडे बघून विचारलं नाही. त्यांनी शेवटचा ठोका दिला तेव्हा लाल ठिपक्यांपैकी एकही दुसऱ्यासमोर नव्हता.

"परवा शिरोळकडं लगीन हाय," मास्तर उठत म्हणाले. "कोट इस्तरी कर." आणि मला म्हणाले, "आणि तू ग सायन्स, अभ्यास कर."

मी रॉकेलचा बोळा घेऊन ठिपके पुसायला बसले तर आबांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. चैताला बरुबर हाईत त्या." त्या सुट्टीत त्यांनी मला डरम लावायला शिकवलं, कान झाकून. माझ्या कानांत कापसाचे बोळे घालायचे आणि तळवा पितळेवर ठेवायला लावायचे. मला काही जमत नव्हतं, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. पुढे ते आणखी सात-आठ वर्षं त्याच बँडात वाजवत होते. माझी नात सई परवा फोनवरच्या एका यंत्रानं त्या डरमचा प्रत्येक बोल्ट मोजत होती, आणि या जुन्या रंगाच्या खुणा कसल्या म्हणून विचारत होती. यंत्र बरोबर असेल, मी म्हटलं, पण आधी हात लाव आणि तुला काय लागतं ते सांग. दोन्ही जुळले नाहीत तर हाताला लगेच खोटं पाडू नकोस.

आबा गेले तेव्हा शिवाप्पा मास्तर थकले होते, तरी बँड घेऊन आले. डरमचा आवाज मयतासाठी उतरवायला कुणी पुढे होईना, म्हणून मी उतरवला. बँड परत आल्यावर बायकांनी मला आत बोलावलं, पण मी डरम घेऊन गोठ्याच्या कट्ट्यावर बसले. म्हशी केव्हाच विकल्या होत्या. श्रावणातली ओली हवा होती. खुणांचा काही उपयोग नव्हता आणि रडून रडून कानांत नुसतं घुमत होतं. मी तळवा पितळेवर ठेवला. एक बोल्ट, समोरचा बोल्ट. आत चुलीजवळ, कट्ट्याकडच्या खिडकीखाली आई बसली होती, तिच्याभोवती सगळ्या बायका. मध्ये एकदा मी थांबले, तर आतून तिचा आवाज आला, नेहमीचाच, जरा मोठा.

"अजून न्हाय झाला. खिडकीकडचा बघ."

मी खिडकीकडचा बोल्ट पाव फेरा फिरवला आणि काठी टेकवली.

"आता झाला," आई म्हणाली. "बंब तापलाय. आंघुळ कर, आणि आण त्येला आत."